बुटामंडीचे शेठ

'शेठ' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गादीवर टेकलेला सावकार नाहीतर गिरणीचा मालक उभा राहतो. आपल्यातल्या कुणाला शेठ म्हटलेले आम्ही फारसे ऐकलेले नाही. म्हणूनच पंजाबच्या शेठ किशनदास यांची ओळख या पानावर करून देत आहोत.

जालंधर शहराला लागून बुटामंडी ही चामड्याच्या व्यापाऱ्यांची वस्ती आहे. हे व्यापारी आपलेच अस्पृश्य बांधव. ते या धंद्यात का शिरले? पंजाबात १९०० साली जमीन हस्तांतरणाचा कायदा झाला. सरकारने ज्या जाती 'शेतकरी' ठरवल्या त्यांची जमीन बाहेरच्याला विकत घेता येईना. आपली माणसे त्यांच्याच रानात राबत. पण गाठीला पैसा असला तरी एकरभर जमीन नावावर होत नसे. उरले कातडे. ज्या कामाचा गावाने विटाळ मानला, त्याच मालाची मागणी महायुद्धांच्या काळात लष्कराकडून वाढली.

याच धंद्यात किशनदास शेठ झाले. पैसा आल्यावर समाजाकडे पाठ फिरवणे सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. १९२६ साली मंगूराम यांनी आदधर्माची चळवळ उभी केली होती. आपण या भूमीचे मूळ रहिवासी, आपला धर्म वेगळा, असे ती सांगे. १९३१ च्या जनगणनेत चार लाखांवर लोकांनी आपला धर्म 'आदधर्म' लिहवला. शेठजी या चळवळीच्या पाठीशी उभे राहिले. पुणे करारान्वये पंजाबच्या वाट्याला ८ राखीव जागा आल्या. १९३७ च्या निवडणुकीत ते जालंधरमधून पंजाब विधानसभेत निवडून गेले. पुढे बाबासाहेबांच्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे पंजाबातील काम त्यांनी अंगावर घेतले. मंत्रिपदाचा राजीनामा देऊन बाहेर पडलेल्या बाबासाहेबांनी २७ ऑक्टोबर १९५१ रोजी जालंधरला भेट दिली, तेव्हा त्यांची सभा याच बुटामंडीत झाली.

आमदारकीसाठी पैसा ओतणारे आज गल्लोगल्ली दिसतात. आपल्यातलाही एखादा ठेकेदार, दुकानदार उद्या मत मागायला दारात येईल. येऊ द्या. आपला माणूस पैशाने मोठा झाला याचा आम्हाला आनंदच आहे. मात्र माताभगिनींनो, पाण्याचा तांब्या पुढे करताना त्याला एवढे विचारा : बाबा रे, तिकीट मिळण्याआधी तू वस्तीच्या विहारात, मुलांच्या फीत, चळवळीच्या कामात किती वाटा उचललास?

उत्तर ऐका, मगच मत ठरवा. जयभीम!