न मिळालेल्या कराचा भुर्दंड व्यापाऱ्याने का सोसावा?



नागपूरजवळच्या वाडीत अमरावती मार्गावर गोदामे, ट्रान्सपोर्टची कार्यालये आणि ट्रकच्या सुट्या भागांची दुकाने दाटीने उभी आहेत. इथला बराचसा व्यवहार उधारीवर चालतो आणि ‘जीएसटीने भांडवल खाल्ले’ ही तक्रारही नेहमीची आहे. ती कुठे खरी आणि कुठे चुकीची, हे हिशेबाच्या मूळ समीकरणावर तपासून पाहायला हवे: मालमत्ता म्हणजे देणी अधिक भांडवल.

दुकानदाराने ७,००० रुपयांना घेतलेला माल १०,००० रुपयांना रोखीने विकला. १८ टक्के दराने १,८०० रुपये कर धरून गल्ल्यात ११,८०० आले, ७,०००चा माल गेला. मालमत्ता ४,८०० रुपयांनी वाढली. त्यात नफा म्हणून भांडवलात जाणारे फक्त ३,००० आहेत. उरलेले १,८०० हे सरकारचे देणे आहे. खरेदीच्या वेळी भरलेल्या १,२६० रुपयांचे क्रेडिट त्यातून वळते केले की ५४० भरायचे राहतात.

म्हणजे रोखीच्या विक्रीत कर भांडवलाला हातही लावत नाही. तरीही अनेक दुकानांत ११,८०० रुपये ‘विक्री’ म्हणून धरले जातात आणि रिटर्नची २० तारीख आली की पैसे खिशातून गेल्यासारखे वाटतात. ही सवय जुनी आहे. नागपुरात २०१३पर्यंत जकात होती. ती माल शहरात येतानाच भरावी लागे आणि मालाच्या किमतीत मिसळून जाई. जीएसटीचे तसे नाही, तो ग्राहकाकडून गोळा करायचा असतो. (कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्याला मात्र ग्राहकाकडून कर घेता येत नाही, त्याच्या बाबतीत तो खरोखरच खर्च आहे.)

गोळा केलेला कर वेगळ्या खात्यात ठेवणे हे व्यापाऱ्याचे कर्तव्यच आहे. त्यात सवलत मागू नये.

पण उधारी बुडाली तर? तोच माल उधार दिला असेल तर ११,८०० रुपये येणे दिसते, हातात एक रुपयाही नसतो आणि कर मात्र ठरल्या तारखेला भरावाच लागतो. उशीर झाला तर वर्षाला १८ टक्के व्याज. येणे बुडीत खाती गेले की व्यापाऱ्याचे ८,८०० रुपये जातात. त्यांतले ७,००० मालाचे, ही व्यापारातली जोखीम मानता येईल. उरलेले १,८०० त्याचे कधी नव्हतेच, तरी ते त्याच्याच भांडवलातून गेले.

याहून मोठा अन्याय पुढे आहे. खरेदीदाराने १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्याने घेतलेले क्रेडिट कायद्याने व्याजासह परत करावे लागते. विक्रेत्याला मात्र भरलेला कर परत मिळत नाही, कारण बुडीत उधारीसाठी क्रेडिट नोट काढण्याची सोयच कायद्यात नाही. एकाच विक्रीचा कर दोन्हीकडून घेण्याचा अधिकार सरकारला कोणत्या न्यायाने मिळतो? ब्रिटनमध्ये सहा महिने थकलेल्या बिलावरचा व्हॅट अटींसह परत मागता येतो.

जीएसटी परिषदेने कायद्याच्या क्रेडिट नोटविषयक कलम ३४मध्ये दुरुस्तीची शिफारस करावी. खरेदीदाराने क्रेडिट परत केल्याची नोंद पोर्टलवर होताच विक्रेत्याला तेवढ्या कराची वजावट मिळावी.

— एक वाचक, वाडी, नागपूर