पगार जनतेचा, मत नागरिकाचे

महाराष्ट्र शासनाने जुलै २०२५ मध्ये शासन निर्णय काढून कर्मचाऱ्यांना समाजमाध्यमांवर सरकारी धोरणांवर टीका करण्यास मनाई केली. कंत्राटी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमधले कर्मचारीही त्यातून सुटले नाहीत. ही मनाई मोडल्यास १९७९ च्या नागरी सेवा नियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई. म्हणजे कमी पटाच्या शाळा बंद करण्याबद्दल जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने बोलायचे नाही, आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचे प्रतिविष नाही हे आरोग्यसेविकेने लिहायचे नाही. ज्यांना आतली स्थिती सर्वांत चांगली ठाऊक, नेमकी त्यांचीच तोंडे बंद! यात कर्मचाऱ्याचे नुकसान आहेच, पण त्याहून मोठे नुकसान गावाचे आहे.

‘सरकारचे मीठ खाता, मग सरकारविरुद्ध कसे बोलता?’ असे विचारले जाते. तो पगार जनतेच्या करातून येतो, सत्ताधारी पक्षाच्या तिजोरीतून नव्हे. कामेश्वर प्रसाद खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने संपाचा हक्क मूलभूत मानला नाही. परंतु बिहारच्या नियमातली निदर्शनांवरची सरसकट बंदी रद्द केली आणि नोकरीत शिरल्याने मूलभूत हक्क संपत नाहीत हे स्पष्ट केले. सैन्य व पोलिसांसारख्या दलांचे हक्क मर्यादित करण्याची मुभा अनुच्छेद ३३ संसदेला देतो. शिक्षक आणि कारकून त्यात येत नाहीत. निवृत्तीच्या तोंडावर निलंबित झालेल्या एका कर्मचारी महिलेच्या प्रकरणात त्रिपुरा उच्च न्यायालयाने २०२० मध्ये नोकरीमुळे हक्क संपत नाहीत हेच तत्त्व उचलून धरले.

मग कोणी काहीही बोलावे का? नाही. गोपनीय कागद फोडणे, रुग्णाची माहिती उघड करणे हा गुन्हा किंवा गैरवर्तनच आहे. एखाद्या जातीला किंवा धर्माला जाहीरपणे शिव्या घालणाऱ्या पोलिस अधिकाऱ्यावरही कारवाई व्हायलाच हवी, कारण त्या समाजाचा माणूस त्याच्याकडे तक्रार घेऊन कसा जाईल? इथे बोलण्याने कामच बिघडते. कसोटी हीच असावी: कामाचे किंवा नागरिकांच्या विश्वासाचे नुकसान दाखवा, मग शिक्षा करा. मंत्र्यांची अडचण झाली, हे नुकसान नव्हे. अशी कसोटी नसेल तर नोटीस कोणाला निघेल हे वरिष्ठांच्या मर्जीवर ठरते, आणि नोकरीच्या भीतीने बाकीचे आधीच गप्प बसतात.

म्हणून आमची मागणी आहे: टीकेवरची सरसकट बंदी मागे घ्या, प्रत्यक्ष नुकसान सिद्ध झाल्याशिवाय कारवाई करू नका. कर्मचारी संघटनांनी या मागणीचा ठराव करावा आणि नागरिकांनी आपल्या आमदाराला याचा जाब विचारावा.