लकव्यानंतरचा व्यायाम मोबाईलवर: बीडमध्ये अडतंय कुठे?

लकवा मारल्यावर हात उचलत नाही, तो स्नायू मेला म्हणून नाही. मेंदूकडून त्याला जाणारा सिग्नल तुटलेला असतो. तीच हालचाल पुन्हा पुन्हा केली की मेंदू शिल्लक पेशींमधून नवी वाट काढतो. पहिल्या तीन महिन्यांत हे सगळ्यात वेगाने होतं.

आता बीडचं बघा. दिवाळीच्या आगेमागे वडवणी, धारूर, शिरूर कासारकडून लोक ऊसतोडीला निघतात, ते परततात थेट मार्च-एप्रिलला. उचल आधीच घेतलेली असते, थांबता येत नाही. आजोबांना ऑक्टोबरमध्ये लकवा मारला, तर नेमके तेच तीन महिने घरात व्यायाम करून घेणारं कुणी नसतं. अंबाजोगाईला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, पण असा पेशंट घेऊन रोज एसटीने कोण जाणार?

मग ‘ॲप आहे ना!’ हे उत्तर येतं. गुगलचं मीडियापाइप कॅमेऱ्यातून शरीरावरचे ३३ बिंदू ओळखतं. त्यावरून कोपर, खांद्याचा कोन काढून ॲपला ‘दहा वेळा झालं’ असं मोजता येतं. गोची अशी, की कमजोर हात उचलताना माणूस नकळत खांदा चढवतो, कंबरेतून झुकतो. साधं ॲप तेही ‘झालं’ म्हणूनच मोजेल. आणि स्नायू किती आखडलाय हे हात लावूनच कळतं.

बरं, घरच्यांनाच शिकवलं तर? भारतात याची ‘अटेंड’ नावाची मोठी चाचणी झाली: १४ रुग्णालयं, १२५० पेशंट. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत ४७ टक्के. व्यायाम फुकट, असा याचा अर्थ नाही. नेहमीचे उपचार दोन्ही गटांना मिळत होते. मी त्यातून एवढंच घेतो, की घरच्यांना शिकवून मोकळं होणं पुरत नाही.

म्हणून फोन मला निरोप्या म्हणून जास्त कामाचा वाटतो. फिजिओथेरपिस्टने एकदा प्रत्यक्ष तपासून व्यायाम ठरवून द्यावेत. मग घरी असलेल्या नातवाने दर आठवड्याला समोरून आणि बाजूने असे दोन छोटे व्हिडिओ त्यांना पाठवावेत. झुकणं, खांदा चढवणं त्यात लगेच दिसतं. व्हिडिओसाठी आजोबांना उठवताना मात्र लुळ्या हाताला धरून ओढू नका, खांदा निखळू शकतो.