दिवा बागेत फुटतो, अपघात रस्त्यावर होतो

मिनी ट्रॅक्टरचा मागचा लाल दिवा वारंवार का फुटतो? तो पुन्हा त्याच जागी बसवण्यात अर्थ आहे का?

निफाड, दिंडोरी किंवा तासगाव भागात संध्याकाळी बागेतून घरी निघालेला मिनी ट्रॅक्टर मागून पाहा. एका बाजूच्या दिव्याची काच गेलेली असते, दुसऱ्या बाजूला नुसती वायर लोंबत असते. मालकाला विचारले तर उत्तर ठरलेले, ‘‘किती वेळा बसवायचा? आठ दिवसांत परत फुटतो.’’

ही तक्रार खोटी नाही. पण त्यावर ‘मग बसवूच नये’ हा उपाय नाही. दिवा फुटतो तो त्याच्या जागेमुळे, म्हणून आधी जागा बदलायला हवी.

दिवा नेमका कशाने फुटतो?

बहुतेक मिनी ट्रॅक्टरवर मागचे दिवे मडगार्डवर, बाहेरच्या कडेला असतात. रस्त्यावर ही जागा योग्य आहे, कारण त्यावरून मागच्याला ट्रॅक्टरची रुंदी कळते. बागेत मात्र हीच कडा सर्वांत आधी घासते. ओळींमध्ये आठ-नऊ फुटांचे अंतर असले, तरी मांडवाचे अँगल, ताणाच्या तारा आणि वाढलेल्या काड्या त्यातली बरीच जागा खातात. ओळीच्या टोकाला वळताना मडगार्ड हमखास अँगलला लागते. डाळिंबाच्या बागेत हेच काम फांद्या करतात.

ट्रॉली जोडून मागे घेताना जास्त वळवली, तर तिचा पुढचा कोपरा दिव्यावर येतो. शिवाय रोटाव्हेटरचा चिखल, ब्लोअरच्या फवाऱ्याचे औषधी पाणी आणि सततचा हादरा. काच शाबूत असली, तरी आतला होल्डर गंजतो.

एवढ्याशा दिव्याने काय फरक पडतो?

साधा हिशेब करू. ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरने चालला आहे आणि मागून दुचाकी ६० ने येते आहे. म्हणजे दोघांतले अंतर सेकंदाला सुमारे ११ मीटरने घटते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसायला हवा. तसा दिसला, तर दुचाकीस्वाराला १४ सेकंद मिळतात. दिवा नसेल आणि दुचाकीच्या उजेडात ट्रॅक्टर ४० मीटरवर दिसला, तर हातात साडेतीन सेकंद उरतात. समोर काय आहे हे उमगून ब्रेक दाबेपर्यंत त्यातला एक-दीड सेकंद निघून जातो. समोरून गाडीचा प्रखर झोत येत असेल, तर तेवढाही वेळ मिळत नाही.

दुरुस्ती करताना काय पाहावे?

बल्ब बदलण्याआधी अर्थिंग तपासा. दिवा मंद लागतो, इंडिकेटर दिला की टेललाइटही लुकलुकते, ब्रेक दाबला की भलताच दिवा लागतो, अशा तक्रारींचे मूळ बहुधा गंजलेल्या अर्थिंगमध्ये असते. मडगार्ड फायबरचे असेल, तर अर्थिंगची वेगळी वायर थेट चासीपर्यंत न्यावी.

तुटलेल्या वायरला नुसता पीळ मारून चिकटपट्टी गुंडाळू नये. जोड पक्का दाबून त्यावर गरम करून आवळणारी नळी चढवावी. वायर लवचीक पाइपातून न्यावी आणि पत्र्यातून जाते तिथे रबरी बुश घालावा. फ्यूज उडतो म्हणून तिथे तार लावणे सर्वांत धोक्याचे, त्याने वायरिंगच पेटू शकते.

बल्ब घेताना जुना नमुना सोबत न्या. टेललाइट आणि ब्रेकलाइट एकाच बल्बमध्ये असेल, तर त्यात ५ आणि २१ वॅटच्या दोन तारा असतात. एकाच तारेचा बल्ब बसवला, तर ब्रेक दाबल्याचे मागच्याला कळणार नाही.

जागा बदलायची तर कुठे?

पहिला पर्याय, दिवा मडगार्डच्या कडेपासून दोन-तीन इंच आत घ्यावा. चपटा एलईडी दिवा रबरी पॅकिंगवर बसवून त्याभोवती सळईची छोटी जाळी वेल्ड करावी. जाळीची सळई काचेसमोरून आडवी जाऊ नये. दिवा आत सरकला की रुंदीचा अंदाज चुकतो, म्हणून मूळ जागी, अगदी कडेला, लाल रिफ्लेक्टर लावावा. तो फुटला तरी वायरिंगला धक्का लागत नाही.

दुसरा पर्याय, चालकामागच्या सुरक्षा कमानीवर दिवा लावणे. उंचावरचा दिवा लांबून दिसतो. पण मांडवाखाली जाताना कमान दुमडली, की दिव्याचे तोंडही फिरते. रस्त्यावर येताना ती उभी करायला विसरलात, तर दिवा असून नसल्यासारखाच.

तिसरा पर्याय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, तो म्हणजे काढ-घाल करता येणारी दिव्यांची पट्टी. एका आडव्या पट्टीवर दोन टेललाइट, इंडिकेटर आणि रिफ्लेक्टर बसवायचे. ट्रॉलीसाठी असते तशी सात पिनांची सॉकेट ट्रॅक्टरला घ्यायची. बागेत शिरताना पट्टी काढून ठेवायची, रस्त्यावर येताना अवजाराच्या मागे अडकवायची. दिवा लागतो रस्त्यावर आणि फुटतो बागेत, मग त्याला बागेत न्यायचेच कशाला? रोटाव्हेटर वर उचलला किंवा ब्लोअरची टाकी मागे असली, की मडगार्डवरचे चांगले दिवेही झाकले जातात. ती अडचणही या पट्टीने सुटते. युरोपात अवजारांमागे अशा पट्ट्या लावण्याची पद्धत जुनी आहे.

काय टाळावे?

रात्रीच्या कामासाठी मागे लावलेला पांढरा फोकस रस्त्यावर बंद ठेवा, त्याने मागच्याचे डोळे दिपतात. लालऐवजी निळा-हिरवा दिवा नको. रिफ्लेक्टर आहे म्हणून दिवा नको, असेही समजू नका. रिफ्लेक्टर चमकतो तो समोरून उजेड पडला तरच, आणि चिखलाने माखला की तेवढाही नाही.

जबाबदारी कुणाची?

ऊस हंगामात ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा होतात आणि त्या हव्यातच. पण मिनी ट्रॅक्टर बाराही महिने रस्ता ओलांडतो, त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

‘बागेसाठी खास’ म्हणून जो ट्रॅक्टर विकला जातो, त्याचा दिवाही बागेत टिकेल असा हवा. मडगार्डच्या खोबणीत बसवलेला दिवा, सोबत जाळी आणि सात पिनांची सॉकेट हे कारखान्यातूनच मिळायला हवे. ग्राहकाने शोरूममध्ये अश्वशक्ती आणि मायलेजसोबत हेही विचारावे. विचारणारे वाढले, तर कंपन्यांना बदलावे लागेल.

तोवर काम आपल्यालाच करायचे आहे. आज संध्याकाळी बागेतून निघताना घरातल्या कुणाला तरी मागे उभे करा. दिवे लावा, ब्रेक दाबा, दोन्ही इंडिकेटर द्या. अवजार जोडलेले असतानाच हे करा. मागे उभ्या असलेल्या माणसाला लाल दिवा दिसला नाही, तर तो मागून येणाऱ्यालाही दिसणार नाही.