विज्ञानवार्ता : उरलेल्या ग्रंथीचे बळ

मनुष्याच्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीप्रमाणे एकेक लहानशी ग्रंथी बसलेली असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. तिचे वजन अवघे चार-पाच ग्रॅम. परंतु या दोन्ही नाहीशा झाल्या तर औषधावाचून जीव तगत नाही. लंडनचे डॉक्टर टॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ साली या ग्रंथींच्या नाशाने होणाऱ्या रोगाचे वर्णन केले. पुढच्याच वर्षी शार्ल ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांवर प्रयोग करून या ग्रंथींची अपरिहार्यता दाखविली. ब्राउन-सेकार यांचा जन्म १८१७ साली पोर्ट लुई येथे झाला. १८३४ पासून करारबद्ध मजुरांची जहाजे ज्या बंदराला लागू लागली, त्याच बंदराचे हे सुपुत्र होत.

दोहोंपैकी एकच ग्रंथी काढली तर काय होते? उरलेली ग्रंथी वाढू लागते आणि दोघींचे काम एकटी उचलते. हे कसे घडते? मेंदूच्या तळाशी असलेली पोषग्रंथी ‘एसीटीएच’ नावाचा स्राव रक्तावाटे अधिक पाठविते, म्हणून ही वाढ होते, असा पूर्वी समज होता.

खलाशी ज्या शहराला ‘फ्रिस्को’ म्हणत, त्या सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मेरी डॅलमन व विल्यम एंगेलंड यांनी १९७५ च्या सुमारास हा समज कसोटीस लावला. उंदराची एक ग्रंथी काढली की दुसरी वाढे; परंतु मज्जारज्जूचा अर्धा भाग छेदला असता ती वाढ खुंटे. एवढेच नव्हे, तर एक ग्रंथी न काढता नुसती हाताळली तरी दुसरी वाढे. रक्तातील स्राव दोन्ही बाजूंना सारखाच पोचतो. मग हा भेद कशाने? वाढीचा निरोप मज्जातंतूंवाटेही जातो, हेच त्याचे उत्तर होते.

मज्जातंतूंच्या टोकांतून अमिनो आम्लांच्या लहान साखळ्या, म्हणजे पेप्टाइडे, स्रवतात. त्यांपैकी ‘व्हीआयपी’ हे पेप्टाइड सामी सैद व व्हिक्टर मुट यांनी १९७० मध्ये डुकराच्या आतड्यातून मिळविले. पुढे ते अधिवृक्काच्या तंतूंतही आढळले. पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकांना अशी पेप्टाइडे चिकटली की पेशीच्या आत संदेशांची मालिका सुरू होते. पेशीने स्रवावे, वाढावे की थांबावे, हे पेप्टाइडाच्या प्रकारावर आणि पेशीच्या अवस्थेवर अवलंबून असते.

यावरून एसीटीएचचे महत्त्व कमी होते असे मात्र नव्हे. तो न मिळाल्यास ग्रंथीचा मोठा भाग सुकत जातो. दमा किंवा सांधेदुखी यांवर दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्याच्या शरीरात नेमके हेच घडते : बाहेरून स्राव मिळतो, पोषग्रंथी गप्प बसते, आणि अधिवृक्क क्षीण होते. अशा रोग्याने बरे वाटले म्हणून गोळ्या एकाएकी बंद केल्यास रक्तदाब घसरून प्राणावर बेतू शकते. निजलेल्या ग्रंथीला जागे होण्यास कित्येक महिने लागतात. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांची गोळी वैद्यांच्या सल्ल्याने, थोडी थोडी करीतच कमी करावी.