निहालला विचारून झालं, आता परवाने देणाऱ्यांना विचारा

अकलूजच्या निहाल बागवानचा विषय निघाला की आमच्या कुरुंदवाडात दोनच वाक्यं ऐकू येतात. ‘कशाला जायचं तिथं मरायला?’ आणि ‘अल्लाची मर्जी.’ दोन्हींनी चर्चा संपते.

निहाल २७ वर्षांचा होता. मे २०१९ मध्ये एव्हरेस्ट चढला आणि उतरताना बारा तासांहून जास्त वेळ गर्दीत अडकला. शेर्पांनी त्याला चौथ्या कॅम्पपर्यंत आणलं. तिथं तो गेला. त्याच सुमारास ठाण्याच्या अंजली कुलकर्णीही उतरताना गेल्या.

त्या हंगामात नेपाळने ३८१ परवाने दिले, प्रत्येकी ११ हजार डॉलर घेऊन. चढाईजोगे दिवस मोजकेच. आठ हजार मीटरच्या वर रांगेत उभं राहणं म्हणजे पाठीवरचा ऑक्सिजन जाळत राहणं. एवढा हिशेब परवाने देणाऱ्यांना येत नव्हता?

मृत्यूंना एकटी गर्दी कारण नाही, असं नेपाळ सरकार म्हणालं. खरंय, हवामान असतं, दमणूक असते, माघार न घेण्याचा हट्टही असतो. पण ऑगस्टमध्ये त्याच सरकारच्या समितीने सुचवलं की आधी नेपाळातलं ६,५०० मीटरहून उंच शिखर चढलेल्यालाच परवाना द्यावा. मग हे मेच्या आधी का नाही सुचलं?

त्याच ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचं पाणी आपल्या गावात शिरलं. तेव्हा नाही कुणी मर्जीवर सोडलं. अलमट्टीचे दरवाजे कधी उघडले, कोयनेतून पाणी किती सोडलं, हे चहाच्या गाड्यावरही विचारलं जात होतं. अकलूजच्या पोरासाठी एवढं विचारायला काय हरकत होती?