प्रॉक्सी हजर आहे!

कॉलेजात असताना मी मित्रांच्या नावाने पुष्कळदा 'हजर' म्हटले आहे. त्यालाच प्रॉक्सी म्हणतात, एवढेच माझे ज्ञान. म्हणून आमच्या फैजपूरच्या एका संस्थेच्या कार्यालयात 'बॅकअपसाठी प्रॉक्सी बसवा' असा ठराव झाला आणि ते काम माझ्याच गळ्यात पडले, तेव्हा पापाचे फळ याच जन्मी मिळते याची खात्री पटली.

"कायले घाबरता मामा?" भाचा म्हणाला. "एका यंत्राच्या पोटात आपले चार आभासी सर्व्हर आहेत. प्रॉक्सी म्हणजे केळीच्या बागेतला गडी. घड उतरवायचे, खोक्यात आटोपशीर बसवायचे, गाडीत चढवायचे!"

गडी ठरला लिनक्सचा. वीम नावाच्या बॅकअपच्या सॉफ्टवेअरला व्हीएमवेअरसाठी पूर्वी विंडोजचाच गडी लागे. २०२० मधल्या दहाव्या आवृत्तीपासून लिनक्सचाही चालू लागला. परवान्याचे पैसे वाचले. हा गडी शेजारच्या सर्व्हरची डिस्क चालू कामातच स्वतःला जोडून घेतो, वाचतो, आकसून साठवणीकडे पाठवतो आणि सोडून देतो. रोज सकाळी पडद्यावर हिरवी खूण: 'यशस्वी'. मी ती खूण पाहून चहा घ्यायचो.

आणि एके दिवशी वीज गेली, आली, आणि फीचा सर्व्हर काही उठला नाही. बॅकअप उघडला. त्यात तीन सर्व्हर! चौथा मागाहून आलेला. त्याचे नाव यादीत घालायचे मीच विसरलो होतो. हजेरीपटात ज्याचे नाव नाही तो गैरहजर कसा लागणार? गड्याने सांगितलेले काम चोख केले होते.

संस्थेची लाज राखली ती आमच्या जुन्या कारकुनाने. पावतीपुस्तकांच्या कार्बन प्रती त्यांनी कपाटात जपल्या होत्या. त्यांच्यावरून आम्ही आठ दिवस आकडे भरत बसलो.

सभेत मात्र निदान झाले, "फुकटचं लिनक्स! दुसरं काय होणार?" इथे माझा कडक निषेध आहे. १९३६ साली काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन याच फैजपुरात भरले, बांबू-चटयांच्या नगरात. स्वस्त म्हणून ते कोसळले नाही. उभारणाऱ्यांनी बांबू हलवून पाहिले असणार. आम्ही पाहिले नव्हते, एवढाच फरक. मोठ्यांचेही हेच होते. २०१७ साली गिटलॅब या कंपनीत चुकून मूळ डेटाबेस पुसला गेला, आणि बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती असे त्यांनीच जगजाहीर केले. तिथे काय पैशांची टंचाई होती?

माझे म्हणणे एवढेच, की काढून ठेवलेली प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. परत उभी करून पाहिलेली प्रत म्हणजे बॅकअप. सावद्याहून वॅगन सुटली म्हणजे केळी दिल्लीला पोचली, असे कुठला बागायतदार मानतो? तो पोचल्याचा निरोप मागतो. मग दर तीन महिन्यांनी एक सर्व्हर बॅकअपमधून उठवून, फीची एक पावती छापून दाखवायला काय हरकत आहे?

हा ठराव मी मांडला. अध्यक्षांनी विचारले, "सर्व सभासद हजर आहेत ना?"

पाच खुर्च्या रिकाम्या होत्या. उत्तर मात्र आठ जणांचे आले.